‘झिगी स्टारडस्ट’ : एका ध्वनिमुद्रिकेची घडण आणि श्रेयाचा प्रश्न

प्रास्ताविक

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात १९७२ या वर्षाचा उल्लेख एका ध्वनिमुद्रिकेसाठी हटकून केला जातो. १६ जून १९७२ रोजी आरसीए कंपनीने इंग्लंडमध्ये प्रकाशित केलेल्या या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘द राइज अँड फॉल ऑफ झिगी स्टारडस्ट अँड द स्पायडर्स फ्रॉम मार्स’ असे लांबलचक आहे. श्रोते आणि अभ्यासक तिला नुसते ‘झिगी स्टारडस्ट’ म्हणतात. दोन बाजूंना मिळून अकरा गाणी आणि सुमारे साडेअडतीस मिनिटांचे संगीत एवढाच तिचा विस्तार आहे. गायक आणि एक गाणे वगळता सर्व गाण्यांचा रचनाकार डेव्हिड बोवी त्या वेळी पंचवीस वर्षांचा होता.

संदर्भग्रंथांतून या ध्वनिमुद्रिकेचे वर्णन ‘कथासूत्रात्मक’ असे केलेले आढळते. ते कथासूत्र थोडक्यात असे सांगितले जाते : पृथ्वीच्या अंताला अवघी पाच वर्षे उरली आहेत, अशा काळात झिगी नावाचा रॉक गायक उदयास येतो, आकाशस्थ शक्तीचा आशेचा संदेश तो तरुणांपर्यंत पोचवतो, अनुयायी त्याला देवत्व देतात, तो स्वतःच्याच प्रतिमेत गुरफटतो आणि अखेरीस मंचावर त्याचा नाश होतो. वर्णन सुबक आहे. त्यातून असा समज होतो, की बोवीने प्रथम कथा रचली, मग तिच्या टप्प्यांनुसार गाणी लिहिली आणि शेवटी ती ध्वनिमुद्रित केली.

प्रत्यक्ष निर्मितीचा क्रम पाहिला असता हा समज टिकत नाही. कथेतील आगमन आणि पतन हे दोन्ही कळीचे प्रसंग ध्वनिमुद्रणाच्या अखेरच्या आठवड्यांत दाखल झाले आणि त्यांतील एक तर कंपनीच्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून आला. जे आज एका प्रतिभावंताची पूर्वनियोजित रचना म्हणून शिकवले जाते, ते अनेक हातांनी, घाईत आणि पुष्कळ अंशी प्रसंगोपात्त घडले. प्रस्तुत लेखात या घडणीचा मागोवा घेतला असून तिच्यातून उभा राहणारा कर्तृत्वाचा प्रश्न मांडला आहे.

‘ग्लॅम’ची पार्श्वभूमी

‘ग्लॅम रॉक’ ही संज्ञा ‘ग्लॅमर’ या शब्दापासून आली. साठच्या दशकाच्या अखेरीस रॉक संगीतात प्रामाणिकपणा हे सर्वोच्च मूल्य मानले जाऊ लागले होते. साधे कपडे, लांबलचक वादन आणि गायक मंचावर असतो तसाच जीवनातही असतो हा विश्वास, ही त्याची लक्षणे. ग्लॅमने या विश्वासाचीच थट्टा केली. मंच हा मंच आहे, गायक हा नट आहे आणि चेहऱ्यावरचा रंग लपवण्याचे कारण नाही, अशी ही भूमिका होती. मार्च १९७१ मध्ये ‘टी. रेक्स’ या वाद्यवृंदाचा मार्क बोलन बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात डोळ्यांखाली चमकी लावून आला. या प्रवाहाचा आरंभ सामान्यतः तेथून धरतात. ‘रॉक्सी म्युझिक’ या दुसऱ्या महत्त्वाच्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका योगायोगाने ‘झिगी स्टारडस्ट’च्याच दिवशी प्रकाशित झाली.

या चमकदमकीला सामाजिक संदर्भही होता. प्रौढ पुरुषांमधील खासगी समलिंगी संबंध इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ च्या कायद्यापर्यंत गुन्हा ठरत. त्यानंतर पाचच वर्षांनी, २२ जानेवारी १९७२ च्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकातील मुलाखतीत बोवीने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. हे विधान किती आत्मकथनपर आणि किती नाट्यपूर्ण होते यावर पुढे बराच ऊहापोह झाला. तो विवाहित होता, एका मुलाचा पिता होता आणि पुढील काळात त्याने याविषयी निरनिराळी विधाने केली. मात्र त्या क्षणी एखाद्या गायकाने असे छापील बोलणे धाडसाचे होते, हे नाकारता येत नाही.

बोवीचे मूळ नाव डेव्हिड रॉबर्ट जोन्स. जन्म ८ जानेवारी १९४७, लंडनमधील ब्रिक्स्टन. साठच्या दशकात त्याने अनेक वाद्यवृंद बदलले, लिंडसे केम्प या मूकाभिनय-कलावंताकडे शिक्षण घेतले आणि १९६९ मध्ये ‘स्पेस ऑडिटी’ या एका गाण्याने यश मिळवले. पुढची दोन वर्षे मात्र लोक त्याला विसरल्यासारखेच होते. सप्टेंबर १९७१ मध्ये त्याचा आरसीएशी करार झाला आणि ‘हंकी डोरी’ ही ध्वनिमुद्रिका १७ डिसेंबर १९७१ रोजी बाजारात आली. येथे तारखांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. ‘हंकी डोरी’ प्रकाशित होण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९७१ मध्ये, ‘झिगी’चे ध्वनिमुद्रण सुरू झाले होते. बोवीपाशी गाण्यांची वाण नव्हती. वाण होती ती श्रोत्यांची.

ट्रायडेंट स्टुडिओतील काम

लंडनच्या सोहो भागातील सेंट अ‍ॅन्स कोर्ट या अरुंद गल्लीत ट्रायडेंट स्टुडिओ होता. १९६८ मध्ये सुरू झालेल्या या स्टुडिओत आठ ट्रॅकचे यंत्र ईएमआयच्या आधी वापरात आले. म्हणूनच त्या वर्षी बीटल्सनी ‘हे ज्यूड’ हे गाणे तेथे ध्वनिमुद्रित केले. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेऊन नंतर त्यांचे प्रमाण ठरवण्याची सोय जसजशी वाढली, तसतसे ध्वनिअभियंत्याचे काम निव्वळ तांत्रिक उरले नाही. कोणते वाद्य पुढे यावे, आवाजाभोवती किती पोकळी असावी, हे निर्णय रचनेचाच भाग बनले. ‘झिगी’चा सहनिर्माता केन स्कॉट याच घडणीतून आला होता. ईएमआयच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्याने बीटल्सबरोबर काम केले होते आणि बोवीच्या आधीच्या ध्वनिमुद्रिकांचाही त्याला अनुभव होता.

बोवीला साथ करणारे तिघेही इंग्लंडच्या ईशान्येकडील हल शहर व परिसरातील होते. गिटारवादक मिक रॉन्सन हा लंडनमध्ये अपयश पदरी पडल्यावर गावी परतून नगरपालिकेच्या उद्यान विभागात माळीकाम करत होता. १९७० च्या आरंभी बोवीच्या तत्कालीन ढोलवादकाने त्याला तेथून आणले. ड्रम वाजवणारा मिक ‘वुडी’ वुडमन्सी हा चष्म्याच्या कारखान्यातील नोकरी सोडून आला. बेस गिटारवादक ट्रेव्हर बोल्डर सर्वांत शेवटी सामील झाला. लंडनच्या उच्चभ्रू कलावर्तुळाशी या तिघांचा सुतराम संबंध नव्हता. चकाकते कपडे घालण्यास ते प्रथम कसे नाखूश होते, याच्या हकिकती त्यांनी स्वतःच सांगितल्या आहेत.

कामाची पद्धत झटपट होती. बोवी गिटारवर गाणे ऐकवी, तिघे त्याची चौकट बसवत आणि थोड्याच प्रयत्नांत मूळ वादन पक्के होई. अनेकदा तेच तेच वाजवण्याचा बोवीला कंटाळा असे; पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर तो अस्वस्थ होई, असे वुडमन्सी व बोल्डर यांनी नमूद केले आहे. गायनाबाबत तर स्कॉटची साक्ष उल्लेखनीय आहे. त्याच्या म्हणण्यानुसार बोवीचे बहुतांश गायन पहिल्याच प्रयत्नातील असून ते आरंभापासून अंतापर्यंत सलग गायलेले आहे. ‘फाइव्ह इयर्स’ या पहिल्या गाण्याच्या शेवटी आवाज फाटत जातो, तो अभिनय नव्हे. गाताना बोवी खरोखर रडत होता, असे स्कॉट सांगतो. हे गाणे दुरून ऐकू येणाऱ्या ड्रमच्या एकाकी ठेक्याने सुरू होते आणि त्याच ठेक्यावर संपते. मधल्या काळात आवाज बोलण्याच्या पातळीवरून आक्रोशापर्यंत चढतो. जगाच्या अंताची वार्ता कळल्यावर बाजारात दिसलेली माणसे, एवढाच गाण्याचा विषय आहे. येथे झिगीचे नावही नाही.

एक गमतीचा प्रसंग या संघाच्या वातावरणावर प्रकाश टाकतो. ‘हंकी डोरी’तील आपल्या ड्रमचा आवाज कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांसारखा आला आहे, अशी वुडमन्सीने तक्रार केली होती. नव्या ध्वनिमुद्रणासाठी तो आला तेव्हा स्टुडिओत कॉर्नफ्लेक्सच्या रिकाम्या खोक्यांचा पूर्ण संच मांडून ठेवलेला त्याला दिसला. चेष्टा स्कॉटची होती; पण तक्रारीची दखलही त्याने घेतली, हे ‘झिगी’तील ड्रम ऐकताना सहज कळते.

या सगळ्यात रॉन्सनचे काम स्वतंत्र विचार करावा असे आहे. गिटारवादक म्हणून त्याच्या वादनाचा पोत अनेकांनी वाखाणला. स्वराचा रंग बदलणारे ‘वाह-वाह’ पायपट्टीचे उपकरण इतर वादक वरखाली हलवत. रॉन्सन ते अर्ध्यावर उघडे ठेवून स्थिर करी. त्यामुळे गिटारला नाकातून आल्यासारखा, घट्ट आणि मानवी कंठाच्या जवळचा आवाज मिळे. परंतु तो केवळ गिटारवादक नव्हता. बालपणी पियानो आणि व्हायोलिन शिकलेला असल्याने तो तंतुवाद्यांची संहिता लिहू शकत असे. ‘स्टारमन’मधील तंतुवाद्ये, ‘रॉक अँड रोल सुइसाइड’मधील व्हायोलिनांचा चढता ओघ आणि सर्व संपल्यावर उरणारा त्यांचा एकच स्वरगुच्छ, ही त्याची लेखणी. ‘लेडी स्टारडस्ट’मधील पियानोही त्याचाच.

‘मूनेज डेड्रीम’ या गाण्याच्या शेवटी असलेल्या गिटारवादनाविषयी बोवीने पुढे लिहिलेली आठवण या संदर्भात मोलाची आहे. वादन कसे हवे हे तो कधी कधी कागदावर रंगीत खडूने किंवा पेनाने आकृती काढून दाखवी. या गाण्यासाठी काढलेली आकृती सपाट रेषेने सुरू होऊन कर्ण्यासारखी फुगत गेली होती आणि शेवटी तुटक रेषांच्या तुषारांत विखुरली होती. रॉन्सनने ती आकृती पाहून वादन केले. आता हे वादन कोणाचे? आकृती काढणाऱ्याचे, की तिला स्वर देणाऱ्याचे? स्वरलिपीत लिहिलेली रचना आणि तिचे सादरीकरण यांतील पारंपरिक भेद येथे उपयोगी पडत नाही, कारण कर्ण्याच्या आकृतीत एकही स्वर लिहिलेला नसतो.

डिसेंबरचा पाठ आणि जूनचा पाठ

प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासात पाठभेदांना जे महत्त्व असते, तेच या ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीतही द्यावे लागते. सुदैवाने तिचा आधीचा पाठ उपलब्ध आहे. १५ डिसेंबर १९७१ रोजी ट्रायडेंटमध्ये गाण्यांचा जो क्रम लावण्यात आला होता, तो २०२४ मध्ये ‘वेटिंग इन द स्काय’ या नावाने स्वतंत्र तबकडी म्हणून प्रकाशित झाला. या पाठात अकराच गाणी आहेत. परंतु त्यांतील चार अंतिम ध्वनिमुद्रिकेत नाहीत. ती अशी : चक बेरीचे जुने रॉक अँड रोल गीत ‘राउंड अँड राउंड’, बेल्जियन गायक जाक ब्रेल याचे ‘आम्स्टरडॅम’ आणि बोवीची स्वतःची ‘व्हेल्व्हेट गोल्डमाइन’ व ‘होली होली’. शेवटचे गाणे ‘लेडी स्टारडस्ट’ आहे.

यात काय नाही, हे अधिक बोलके आहे. आकाशातून येणाऱ्या ताऱ्याचे ‘स्टारमन’ नाही. ‘सफ्रगेट सिटी’ नाही. ज्या गाण्यामुळे ध्वनिमुद्रिकेच्या नावातील ‘पतन’ या शब्दाला अर्थ येतो, ते ‘रॉक अँड रोल सुइसाइड’ही नाही. म्हणजे डिसेंबर १९७१ मध्ये झिगीच्या कथेला आगमनही नव्हते आणि अंतही नव्हता. शीर्षकगीत होते, एका वाद्यवृंदाच्या जीवनातील काही प्रसंग होते आणि त्यांच्या आजूबाजूला बोवीला आवडणारी इतरांची गाणी होती. १९७२ मधील एका नभोवाणी मुलाखतीत बोवीनेही असाच आशय मांडला होता : ही सलग कथा नसून या काल्पनिक वाद्यवृंदाच्या आयुष्यातील तुटक दृश्ये आहेत.

बदल १९७२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाले. ध्वनिमुद्रिकेत एकही गाणे छोट्या तबकडीवर स्वतंत्रपणे खपेल असे नाही, असे आरसीएच्या डेनिस कॅट्झ याचे मत पडले. बोवीने ‘स्टारमन’ लिहिले. फेब्रुवारीच्या आरंभी ते ध्वनिमुद्रित झाले आणि पहिल्या बाजूच्या चौथ्या स्थानी, नेमके ‘राउंड अँड राउंड’च्या जागी बसले. ‘आम्स्टरडॅम’च्या जागी ‘इट एन्ट ईझी’ आले. रॉन डेव्हिस या अमेरिकन गीतकाराचे हे गाणे जुलै १९७१ मध्ये ‘हंकी डोरी’च्या वेळी ध्वनिमुद्रित होऊन पडून होते. ‘लेडी स्टारडस्ट’ शेवटून उचलून दुसऱ्या बाजूच्या आरंभी नेण्यात आले आणि अखेरीस दोन नवी गाणी आली.

‘सफ्रगेट सिटी’चे आणखी एक टोक आहे. बोवीने ते ‘मॉट द हूपल’ या अडचणीत सापडलेल्या वाद्यवृंदाला देऊ केले होते. त्यांनी ते नाकारले. बोवीने मग त्यांना ‘ऑल द यंग ड्यूड्स’ हे दुसरे गाणे दिले आणि ते १९७२ मध्ये ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. आज झिगीच्या कथेत ‘सफ्रगेट सिटी’ला गायकाच्या उन्मादाचा परमोच्च बिंदू मानतात, पण ज्या गाण्याशिवाय कथा अपुरी वाटावी, ते दुसऱ्यास देऊन टाकण्याची कर्त्याची तयारी होती.

‘स्टारमन’बाबतही हेच म्हणावे लागते. व्यापारी दडपणामुळे कलाकृती बिघडते, हा नेहमीचा सिद्धान्त येथे लागू पडत नाही. दोन्ही पाठ लागोपाठ ऐकणाऱ्यास डिसेंबरचा पाठ चैतन्यपूर्ण पण विस्कळीत वाटेल. चक बेरीचे गाणे सराईतपणे वाजवलेले असले तरी कोणत्याही संध्याकाळी कोणत्याही मंचावर शोभले असते. ‘स्टारमन’ने मात्र पहिल्या गाण्यातील विनाशाच्या वार्तेला उत्तर दिले. ध्रुवपदाच्या पहिल्याच शब्दात सूर खालच्या सप्तकातून थेट वरच्या सप्तकातील त्याच स्वरावर झेप घेतो. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातील ‘ओव्हर द रेनबो’ या गीताचा आरंभही अशाच झेपेने होतो आणि इंग्रज श्रोत्याच्या कानात ती बालपणापासून बसलेली असते. परिचित स्वरांतून अपरिचित पाहुण्याची वार्ता, असा तो मेळ आहे. तक्रार करणाऱ्या अधिकाऱ्यास संगीताच्या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. येथे ती द्यायला हवी.

याउलट ‘इट एन्ट ईझी’ हा ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत कच्चा दुवा आहे. त्याचा झिगीशी काहीही संबंध नाही आणि ते तेथे का आहे याचे कथासूत्राच्या आधारे दिलेले कोणतेही स्पष्टीकरण ओढूनताणून दिल्यासारखेच वाटते.

मग कथासूत्र आले कोठून? त्यातील बराच भाग नंतरचा आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये अमेरिकन कादंबरीकार विल्यम बरोज याच्याशी झालेल्या आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादात बोवीने झिगीची सविस्तर कथा सांगितली. तीत कृष्णविवरांतून उड्या मारणारे परग्रहवासी आहेत आणि मंचावर झिगीच्या देहाचे तुकडे करून स्वतः दृश्यमान होणारे त्यांचे नेते आहेत. ध्वनिमुद्रिका कितीही वेळा ऐकली तरी यांतील बहुतेक तपशील सापडत नाहीत. त्या वेळी बोवीच्या मनात झिगीवर आधारित नाट्यप्रयोगाची कल्पना होती. म्हणजे ही कथा ध्वनिमुद्रिकेचे स्पष्टीकरण नसून एका न झालेल्या नाटकाचा आराखडा होता. पुढील समीक्षेने तो स्पष्टीकरण म्हणून उचलला.

पात्राची घडण

झिगी हे पात्रही असेच तुकड्यातुकड्यांनी जुळले. त्याच्या मागे असलेल्या व्यक्तींत व्हिन्स टेलर याचे नाव प्रथम घेतले जाते. फ्रान्समध्ये लोकप्रिय झालेला हा रॉक अँड रोल गायक मानसिक तोल ढळून स्वतःस प्रेषित समजू लागला होता. साठच्या दशकाच्या मध्यात त्याने लंडनच्या रस्त्यावर नकाशा पसरून परग्रहवासीयांची ठाणी आपल्याला दाखवली, अशी आठवण बोवी सांगत असे. ‘स्टारडस्ट’ हे आडनाव ‘लेजंडरी स्टारडस्ट काउबॉय’ या विक्षिप्त अमेरिकन गायकाकडून आले, तर मंचावरील बेभानपणाचा नमुना म्हणजे इगी पॉप. ‘मूनेज डेड्रीम’ आणि ‘हँग ऑन टू युवरसेल्फ’ या दोन गाण्यांची पहिली रूपे १९७१ मध्ये ‘आर्नल्ड कॉर्न्स’ या वेगळ्याच नावाने प्रकाशित होऊन विस्मृतीत गेली होती.

पोशाख फ्रेडी बुरेटी याने शिवले. स्टॅन्ली कुब्रिकचा ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ हा चित्रपट जानेवारी १९७२ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झाला होता. त्यातील टोळक्याच्या वेषावरून या पोशाखांची कल्पना सुचली, मात्र कापड मुद्दाम फुलाफुलांचे आणि झगमगीत घेतले. तांबडे केस ही झिगीची सर्वांत ओळखीची खूण. ते सूझी फसी या केशकर्तनकार तरुणीने कापले आणि रंगवले. ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर मात्र हे तांबडे केस नाहीत, कारण छायाचित्र जानेवारी १९७२ मध्ये, केस रंगवण्यापूर्वी घेतलेले आहे. चेहऱ्यावर ओढलेली विजेची रेघ तर झिगीची नव्हेच. ती १९७३ च्या ‘अलॅडिन सेन’ या पुढील ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावरील आहे. तरीही ‘झिगी’ म्हणून सर्वत्र तीच रेघ छापली जाते.

ते मुखपृष्ठही पाहण्याजोगे आहे. छायाचित्रकार ब्रायन वॉर्डचा स्टुडिओ लंडनच्या रीजंट स्ट्रीटमागील हेडन स्ट्रीट या गल्लीत होता. रात्र थंड आणि पावसाची होती. साथीदारांनी बाहेर पडण्यास नकार दिला. बोवी एकटाच गिटार घेऊन तेवीस क्रमांकाच्या दाराशी, ‘के. वेस्ट’ या लोकरी कातड्यांच्या व्यापाऱ्याच्या पाटीखाली उभा राहिला. छायाचित्र कृष्णधवल होते. टेरी पास्टर याने त्यावर रंग चढवले. ओल्या गल्लीतील खोकी, दिव्याचा पिवळा उजेड आणि परक्या ग्रहावरून नुकत्याच उतरलेल्यासारखी एक आकृती. वाद्यवृंदाचे नाव शीर्षकात असूनही तो चित्रात नाही, याचे कारण हवामान होते. त्या पाटीतील अक्षरांतून पुढे चाहत्यांनी ‘क्वेस्ट’, म्हणजे शोध, असा गूढार्थ काढला. त्या व्यापाऱ्यास मात्र आपले नाव पॉप संगीताशी जोडले गेलेले मुळीच रुचले नाही.

फेब्रुवारी १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये खाणकामगारांचा संप चालू होता, वीज तासन्‌तास जात होती आणि ९ तारखेला सरकारने आणीबाणी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी लंडनच्या दक्षिणेकडील टॉलवर्थ येथे एका मद्यालयाच्या छोट्या सभागृहात झिगीच्या दौऱ्याचा पहिला प्रयोग झाला. खरे यश पाच महिन्यांनी आले. ६ जुलै १९७२ रोजी ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये ‘स्टारमन’ प्रक्षेपित झाले. निळी गिटार घेतलेल्या बोवीने रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकला आणि एका ओळीवर थेट कॅमेऱ्याकडे बोट रोखले. त्या संध्याकाळी घरोघरी हे पाहणाऱ्या मुलांपैकी गॅरी केम्प, इयन मॅककलक यांसारखे काही जण पुढे स्वतः संगीतकार झाले आणि त्यांनी ती तीन मिनिटे आयुष्य बदलणारी ठरल्याचे सांगितले. ‘स्टारमन’ दहाव्या क्रमांकापर्यंत पोचले. ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत चढली. अमेरिकेत ती पंच्याहत्तराव्या स्थानापलीकडे गेली नाही.

श्रेयनामावली आणि शेवटचा प्रयोग

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर निर्माते म्हणून बोवी व स्कॉट यांची आणि संगीतसंयोजक म्हणून बोवी व रॉन्सन यांची नावे आहेत. गीत-संगीताचे श्रेय, ‘इट एन्ट ईझी’ सोडता, एकट्या बोवीचे. त्याच गाण्यात हार्पसिकॉर्ड वाजवणारा रिक वेकमन आणि साथीला गाणारी डेना गिलेस्पी यांचा मूळ वेष्टनावर उल्लेख नव्हता. हा प्रश्न केवळ मानाचा नाही. प्रचलित व्यवस्थेत गाण्याचे स्वामित्वधन शब्द आणि चाल लिहिणाऱ्यास मिळते. संयोजन हे ठरावीक मोबदल्याचे काम समजतात. ‘रॉक अँड रोल सुइसाइड’मधून तंतुवाद्ये वजा केली तर जे उरेल ते गाणे अवश्य आहे, परंतु श्रोता ज्याला ते गाणे म्हणून ओळखतो, ते नव्हे. यात बोवीने कोणाची फसवणूक केली असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. गाणी त्याची होती, रॉन्सनकडून काय काढून घेता येईल हे ओळखणारी नजर त्याची होती आणि त्याच वर्षी लू रीडच्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या ध्वनिमुद्रिकेचे निर्माते म्हणून त्याने स्वतःबरोबर रॉन्सनलाही घेतले. दोष असलाच तर तो श्रेयाच्या त्या कोष्टकात आहे, ज्यात अशा कामासाठी रकानाच नाही.

कामाच्या मोबदल्याची वेळ लवकरच आली. सप्टेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यासाठी माइक गार्सन हा पियानोवादक घेण्यात आला. त्याला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पैसे मिळतात हे वुडमन्सी व बोल्डर यांना बोलण्याच्या ओघात समजले आणि त्यांनी मागणी केली. ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन नाट्यगृहात दौऱ्याचा शेवटचा प्रयोग होता, डी. ए. पेनबेकर त्याचे चित्रीकरण करत होता. शेवटच्या गाण्यापूर्वी बोवीने मंचावरून जाहीर केले की, हा या दौऱ्यातीलच नव्हे तर या संघाचाही अखेरचा प्रयोग आहे. रॉन्सनला हे आधीपासून ठाऊक होते. वुडमन्सी आणि बोल्डर यांना ते प्रेक्षकांबरोबरच कळले. त्यानंतर जे गाणे झाले ते ‘रॉक अँड रोल सुइसाइड’. काही दिवसांतच वुडमन्सीला काढण्यात आले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये आलेल्या ‘पिन अप्स’वर ड्रम दुसऱ्याच वादकाने वाजवले.

रॉन्सनचे २९ एप्रिल १९९३ रोजी कर्करोगाने निधन झाले. तो सेहेचाळीस वर्षांचा होता. बोवी १० जानेवारी २०१६ रोजी गेला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ मध्ये ही ध्वनिमुद्रिका राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत समाविष्ट केली. तत्पूर्वी, २७ मार्च २०१२ रोजी, हेडन स्ट्रीटवरील त्या दाराजवळ झिगी स्टारडस्ट या कधीच अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीच्या नावाचा स्मृतिफलक लावण्यात आला. अनावरण गॅरी केम्प याने केले. समारंभास वुडमन्सी आणि बोल्डर हजर होते. चाळीस वर्षांपूर्वी पावसामुळे ज्या दाराशी उभे राहण्याचे त्यांनी टाळले होते, त्याच दाराशी त्या दिवशी त्यांची छायाचित्रे घेण्यात आली.